जुने स्पीकर घ्यावेत की बनवून घ्यावेत? (हॉल १० बाय १२, बजेट ४० हजार)

बोरिवली_स्लो

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

बोरिवलीला वन बीएचके आहे, हॉल १० बाय १२ (म्हणजे बिल्डरचा १० बाय १२, टेप लावली तर पावणेदहा बाय साडेअकरा, असो). अॅम्प्लिफायर घरात आहे, मामा दुबईहून कायमचा परत आला तेव्हा आणलेला, चॅनलला ४० वॉट, नॉब फिरवताना जरा खरखरतो पण बाकी ठणठणीत. त्याला आजवर एका म्युझिक सिस्टीमचे प्लास्टिकचे स्पीकर लावून भागवलं, गेल्या पावसाळ्यात त्यातला एक गेला, मग म्हटलं आता एकदाच काय ते नीट घेऊ. ऐकणं म्हणजे बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, कुमारजी, किशोरीताई, वसंतराव, बाकी जुनं हिंदी आणि मुलगी घरात असली की ती लावेल ते.

आता तीन रस्ते दिसतायत. अंधेरीला एक काका आहेत, त्यांच्याकडे १५-१६ वर्षं जुने ब्रिटिश बुकशेल्फ (शेल्फवर मावणारे छोटे स्पीकर) आहेत, साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा), पोर्ट (हवा जायचं भोक) मागच्या बाजूला, २८ हजार म्हणतायत आणि "एकदाही उघडलेले नाहीत, फक्त गझला ऐकल्यात" असं तीनदा सांगून झालंय. दुसरा एकजण ऑर्डरप्रमाणे जोडी बनवून देतो, त्याने ४५ सांगितले, घासाघीस केली तर ४० ला येईल. तिसरा रस्ता ऑफिसातल्या मित्राने दाखवला, की लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जा, वूफर, ट्विटर (वरच्या सुरांचा) आणि क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारं सर्किट) उचल, बिल्डिंगखाली सुतार बसतोच, १५ हजारात काम. हे १५ हजार ऐकल्यापासून झोप उडालीये.

अट एकच, स्पीकर शोकेसवरच बसणार, भिंतीपासून चार-पाच बोटं अंतर. स्टँड लावायला जागा नाही, रात्री सोफा-कम-बेड उघडतो आणि त्यावर आई झोपते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खर्जातला_सा

आधी जुने बघा. कारण सरळ आहे, २८ चे समजा २४ ला घेतले आणि वर्षाने नाही आवडले तर २२ ला तरी जातील, त्या ब्रँडला गिऱ्हाईक आहे. बनवून घेतलेल्याला नाही. तुम्ही ४० घातलेत हे तुम्हालाच माहीत, घेणाऱ्याला ती लाकडाची पेटी दिसते.

पण जुने घेताना काकांच्या गझलांवर जाऊ नका, खालचं सगळं करा, लाज वाटली तरी करा.

जाळी काढायला लावा. वूफरच्या कोनभोवती जी गोल कड असते ती रबराची आहे का फोमची ते बघा. रबर असेल तर १५ वर्षं काही नाही. फोम असेल तर आपल्या मुंबईच्या दमट हवेत तो भिजलेल्या खारीसारखा होतो, नुसतं बोट लावलं तरी तुकडा हातात येतो, माझ्या एका जोडीचा आलाय, विकणाऱ्याच्या समोरच, दोघेही काही न बोलता त्या तुकड्याकडे बघत राहिलो. मग दोन्ही अंगठे कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच आत दाबा, सरळ आत जायला हवा आणि आवाज शून्य हवा. खर्र असं घासलं तर आतली व्हॉईस कॉईल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मॅग्नेटला लागतेय, तिथूनच "येतो काका" म्हणून निघा. ट्विटरच्या घुमटाला मात्र हात लावू नका, तो दबला की दबला.

मागच्या चिकटपट्टीवरचे सिरीयल नंबर बघा, लागोपाठचे असतील तर जोडी मूळची आहे. स्क्रू बघा. कंपनीचे स्क्रू काळे असतात आणि ज्यावर कुणी पेचकस फिरवलाय त्याच्या खाचेत पितळी किंवा चंदेरी चमक दिसते. "एकदाही उघडलेले नाहीत" याचं उत्तर तिथे लिहिलेलं असतं.

आणि शेवटची परीक्षा कानाची. एखादं जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) रेकॉर्डिंग न्या (नाट्यसंगीताचं तुमच्याकडे असेलच), दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. गायक नाकासमोर उभा राहायला हवा. डावी-उजवीकडे सरकला तर मागच्या वायरी अदलाबदल करून परत ऐका. बाजू बदलली तर दोष अॅम्पमध्ये, नाही बदलली तर स्पीकरमध्ये.

जाहिरात ऑनलाईन असेल तर आगाऊ एक रुपयाही नाही. क्यूआर कोड "पैसे घ्यायला" स्कॅन करायला सांगणारे अजून आहेत.

---

मोठा_आवाज

एवढं डोकं कशाला लावताय, त्याच पैशात नवीन टॉवर येतात १२ इंची वूफरवाले ब्लूटूथसकट, आमच्या मंडळात आहेत, तीन मजले हलतात

---

खर्जातला_सा

@मोठा_आवाज भाऊ, त्यांना वसंतराव ऐकायचेत, मिरवणूक नाही काढायची.

---

सुतारपक्षी

१५ हजार वाचून खाली बसलो. मी स्वतः बनवलेत, त्यामुळे कुणाला नाउमेद करायचा हेतू नाही, पण तुमच्या मित्राने स्वतः बनवलेत का हे एकदा विचारा.

माझा हिशोब अजून डायरीत आहे. साडेसहा इंची वूफर दोन, ९ हजार. सिल्क डोम ट्विटर दोन, ६ हजार. क्रॉसओव्हरचे कॉईल आणि चांगले फिल्म कपॅसिटर, साडेसहा. १८ एमएम मरीन प्लाय, ८ बाय ४ चा एक ताव, १३० रुपये फुटाने ३२ फुटांचे ४१६०. सुतार मजुरी ७. सागवान व्हीनियर आणि पॉलिश साडेचार. टर्मिनल, आतला कापूस, स्क्रू, सिलिकॉन असं किडूकमिडूक दीड. झाले ३८ हजार ६६०. यात टॅक्सी नाही, तीनदा बदललेले कपॅसिटर नाहीत आणि पहिली वाया गेलेली पेटी तर नाहीच नाही.

त्या पेटीची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या बिल्डिंगखाली पण घडणार आहे. मी कागदावर आतली मापं सेंटीमीटरमध्ये लिहून दिली, १७.४ बाय ३२.४ बाय २४.४, म्हणजे आत पावणेचौदा लिटर. आमचे सुतार काका हाडाचे कारागीर, पण त्यांचं सगळं जग इंच आणि सुतात (आठ सूत म्हणजे एक इंच, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी). त्यांनी ती मापं सुतात करून घेतली, तिथपर्यंत ठीक, पण बाहेरची म्हणून घेतली. चार दिवसांनी दोन इतक्या देखण्या पेट्या घेऊन आले, कोपरे असे जुळलेले की नख जाणार नाही, आणि आत जागा किती तर सव्वाआठ लिटर. लिटरचं एकवेळ सोडा, वूफरची चौकट १७.७ सेंटीमीटर आणि पेटीचा चेहराच १७.४! वूफर पेटीपेक्षा रुंद. काका शांतपणे म्हणाले, "थोडा घासून घेऊ की." त्या दोन पेट्यांत आता बायको कांदे-बटाटे ठेवते.

आता खरा मुद्दा, क्रॉसओव्हर. बाजारात जी रेडीमेड प्लेट मिळते तिच्यावर ८ ओहम आणि ३००० हर्ट्झ लिहिलेलं असतं. ती प्लेट वूफर म्हणजे एक सरळसाधा ८ ओहमचा रेझिस्टर आहे असं धरून बनवलेली असते. वूफर तसा कधीच नसतो, वरच्या सुरांना त्याचा ओहम चढत जातो, ट्विटरचं अजून तिसरंच. त्यामुळे प्लेटवर ३००० लिहिलेलं प्रत्यक्षात कुठे कापेल ते देव जाणे. मी पहिले सहा महिने तीच प्लेट लावून ऐकलं आणि सगळ्यांना सांगत सुटलो की काय क्लॅरिटी आहे, खरं तर मधला आवाज खड्ड्यात गेलेला होता आणि ट्विटर किंचाळत होता. तानपुरा लावला की जवारी ऐकू यायच्या ऐवजी कुणीतरी पिशवी चुरगाळतंय असं वाटायचं. मग एकाने माईक लावून मोजून दिलं तेव्हा डोळे उघडले, कान पण.

एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) घेऊ नका असं आवर्जून सांगतो. आवाजाला चांगला असतो, पण कापलेल्या कडेला पाणी लागलं की पावासारखा फुगतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी. प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो तो. आणि १८ एमएम म्हणून आणलेला साडेसतराच्या आसपास भरतो, कापायच्या आधी मोजा.

थोडक्यात, हात शिवशिवत असतील तर बनवा. फक्त स्वस्त पडतील म्हणून बनवू नका.

---

लोअरपरळ

सुतारपक्षी भाऊ, कांदे-बटाटे वाचून ऑफिसात हसलो. वाखु (वाचनखूण) साठवली.

धागाकर्त्याला एक सूचना, कुणी "स्टुडिओतले आहेत, एकदम प्रोफेशनल" म्हणून पांढऱ्या कोनचे यामाहा एनएस-१० गळ्यात मारायला आलं तर भुलू नका. एके काळी जवळपास प्रत्येक स्टुडिओत असायचे ते, १९७८ साली आले, २००१ ला बंद झाले, अजून हातोहात फिरतात. मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत दहा वर्षं त्यांच्यासमोर बसलोय. रेकॉर्डिंगमधली चूक नजरेस आणून द्यायला ते उत्तम, पण घरी जेवताना लावायला नाही. दोन तासांनी कान सोलून निघतात, म्हणून तर लोक ट्विटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे.

---

मापात_पाप

सगळे स्पीकरबद्दल बोलतायत, खोलीबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहिते.

तुमची खोली साडेअकरा फूट लांब म्हणजे साडेतीन मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्याला लांबीच्या दुपटीने भागा, ७ ने, आलं ४९ हर्ट्झ. हा तुमच्या खोलीच्या लांबीचा सूर. रुंदी पावणेदहा फूट, तिचा येतो ५८. छत जर साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा ५९. म्हणजे रुंदी आणि उंची जवळपास एकाच सुराला घुमणार. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी पाचला गाणाऱ्या बाईचा सा २३३ हर्ट्झचा, त्याच्या दोन सप्तकं खाली हे घुमणं बसलंय. गाणारं कुणी तिथे जात नाही, पण डग्गा, ड्रम आणि मुलीची गाणी जातात. आणि असल्या बुकशेल्फचा पोर्ट साधारण ४५ ते ५५ च्या आसपासच ट्यून केलेला असतो. म्हणजे खोली जिथे आधीच घुमतेय तिथेच पोर्ट अजून हवा भरतो, तीही मागच्या भिंतीवर चार बोटांवरून. खालच्या मजल्यावरचे वर येतील.

दुसरी गोष्ट. स्पीकरचा चेहरा २० सेंटीमीटर रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या वरचे सूर समोर फेकले जातात, त्याच्या खालचे हळूहळू पेटीला वळसा घालून मागेही जायला लागतात. मोकळ्या जागेत त्यामुळे खालचा आवाज ६ डेसिबलपर्यंत पडतो. कंपन्या हे धरूनच क्रॉसओव्हर करतात, खालचं भरून देतात, कारण त्यांनी गृहीत धरलेलं असतं की तुम्ही स्टँडवर, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवणार. तुम्ही ठेवणार शोकेसवर. मग मागे गेलेला आवाज भिंत परत पाठवते, कंपनीनेही आधीच भरलेलं, दोन्ही मिळून वसंतराव माठात तोंड घालून गातायत असं ऐकू येतं.

म्हणूनच बनवून घ्यायचं एकमेव चांगलं कारण माझ्या मते हे आहे. किंमत नाही, "इम्पोर्टेड वूफर" नाही. भिंतीला चिकटून ठेवायची जोडी तशीच डिझाईन करता येते, बंद पेटी, पोर्ट नाही, आणि क्रॉसओव्हरमध्ये खालचं कमी भरायचं. बंद पेटीचं गणित पण सोपं आहे. वूफरच्या कागदावर तीन आकडे असतात, एफएस (वूफरचा स्वतःचा सूर), क्यूटीएस (तो त्या सुराला किती घुमतो) आणि व्हीएएस (त्याच्या लवचिकपणाएवढी हवा, लिटरमध्ये) (थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांच्या नावाने ओळखतात, ऑस्ट्रेलियात झालेलं काम). समजा क्यूटीएस ०.३५ आणि व्हीएएस ३० लिटर. पेटीत बसवल्यावरचा क्यू ०.७ च्या आसपास हवा, म्हणजे ०.७०७ ला ०.३५ ने भागा, वर्ग करा, १ वजा करा, येतात ३.०८. ३० भागिले ३.०८, पावणेदहा लिटर. झालं. ४० हर्ट्झ एफएसचा वूफर त्या पेटीत ८१ पासून खाली उतरायला लागतो, पण हळू उतरतो, आणि लहान खोली आणि भिंत मिळून तेवढं भरून काढतात.

तो ४५ वाला माणूस तुम्हाला हे विचारतोय का, की स्पीकर कुठे ठेवणार? आधी विचारा. "पॉलिश कुठलं हवं" हा त्याचा पहिला प्रश्न असेल तर तुम्ही फर्निचर घेताय.

लहान खोलीसाठीच डिझाईन केलेला स्पीकर म्हणजे काय ते बघायचं असेल तर बीबीसीच्या एलएस३/५ए बद्दल वाचा. सत्तरच्या दशकात त्यांच्या ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीत) बसून निवेदकाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून केलेला, पाच इंचाच्या आसपासचा केईएफ कंपनीचा वूफर, बंद पेटी. माणसाचा गळा त्याच्यावर ऐकावा. फक्त ८२-८३ डेसिबलचा (एका वॉटला एवढाच वाजणारा) आहे, म्हणजे ८८ वाल्या स्पीकरएवढा मोठा वाजवायला चौपट वॉट लागतात. आणि जुन्या मूळ जोडीचे भाव ऐकून गप्प बसायचं.

---

बोरिवली_स्लो

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

मापात_पाप ताई, तुमचं वाचून त्या ४५ वाल्याला फोन केला. म्हटलं शोकेसवर ठेवणार, भिंतीला लागून. तो म्हणाला काही प्रॉब्लेम नाही. म्हटलं पेटी बंद की पोर्टवाली? म्हणाला तुम्ही म्हणाल तशी. म्हटलं मग क्रॉसओव्हर बदलेल ना? म्हणाला, "साहेब क्रॉसओव्हर सेम असतो सगळ्यात, टेन्शन नका घेऊ, वॉलनट देऊ का रोजवूड?" मी म्हटलं कळवतो.

म्हणजे आता अंधेरी. शनिवारी जातोय. मल्टिमीटर ऑफिसातून आणलाय, त्याने काय मोजायचं तेवढं सांगा.

---

मापात_पाप

मागच्या टर्मिनलला लावा, अॅम्पची वायर काढून. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ चा तीन-साडेतीन. दोन्ही स्पीकर जवळजवळ सारखे हवेत. पण लक्षात ठेवा, हे फक्त वूफरचं माप आहे. ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, मीटरचा करंट तिकडे जातच नाही. ट्विटर मेलेला असला तरी मीटर छान आकडा दाखवणार. त्याला कानच लावावा लागतो, अगदी जवळ, आवाज हळू ठेवून.

आणि एक जाड मोजा खिशात ठेवा. पायातला. धुतलेला.

---

बोरिवली_स्लो

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, वेळ लागेल.

काका एकदम सज्जन, चहा, चिवडा, सगळं. स्पीकर त्यांच्या बेडरूममध्ये, पडद्यामागे. कड रबराची, दाबून बघितली, काही आवाज नाही. मीटर एकाला ५.८, दुसऱ्याला ५.९. सिरीयल नंबर लागोपाठचे. मी मनात पैसे मोजायला लागलो होतो.

मग मोनो गाणं लावलं आणि मध्ये बसलो. बाई डावीकडे. फार नाही, पण नाकासमोर नाही, डाव्या डोळ्यासमोर. मला वाटलं माझाच कान असेल, सर्दी होती. काकांना बसवलं, ते म्हणाले मला काही फरक वाटत नाही. वायरी बदलल्या, बाई डावीकडेच. मग उजव्याच्या ट्विटरला कान लावला, वाजतोय, पण डाव्याच्या मानाने दबका, दार ओढून घेतल्यासारखा. जाळी काढून मोबाईलचा टॉर्च मारला. डाव्याचे चारही स्क्रू काळे कुळकुळीत, उजव्या ट्विटरच्या चारांपैकी तीन स्क्रूंच्या खाचा चकचकीत, आणि चौथा स्क्रू तर वेगळ्याच डोक्याचा!

मी नुसतं बोट दाखवलं. काका जरा वेळ बघत बसले, मग एकदम आतून काकूंचा आवाज, "अहो, थर्टी फर्स्टला नाही का मुलांनी जाळला होता एक, तुम्हीच तर करून आणलात." काकांचा चेहरा बघवेना. खरंच विसरले होते असं मला वाटतं, बारा-तेरा वर्षं झाली असतील.

त्यातल्या त्यात मोजा आठवला. काकांना विचारून स्पीकर त्यांच्या टेबलावर भिंतीला लागून ठेवले, तबला लावला, ताईंनी सांगितलं तसंच झालं, नुसतं घुम् घुम्, डग्ग्याची मींड कळेचना. दोन्ही पोर्टमध्ये मोजे कोंबले (दुसरा काकांनी दिला). आणि खरं सांगतो, खोली बदलल्यासारखी वाटली. घुमणं गेलं, बोट सरकलेलं ऐकू यायला लागलं. काका म्हणाले इतकी वर्षं मी काय ऐकत होतो.

आता ते १८ ला द्यायला तयार आहेत. मी विचार करून सांगतो म्हणून आलोय. ट्विटर वेगळा असलेली जोडी घ्यावी का?

---

खर्जातला_सा

१८ ला डोळे झाकून. वूफर आणि पेट्या धड आहेत, त्यालाच पैसे असतात. दोन महिने थांबून कंपनीचा मूळ ट्विटर जुन्या बाजारात मिळतो का बघा, एखाद्याचा वूफर जळालेला असतो आणि ट्विटर शाबूत, असे स्पीकर कवडीमोलाने येतात. चोर बाजारात शुक्रवारी पहाटे जाणारे लोक आहेत आपल्यात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

सुतारपक्षी

आणि तोवर स्वस्तातला उपाय. ट्विटरच्या वाटेत क्रॉसओव्हरमध्ये बहुतेक वेळा एक रेझिस्टर असतो, त्याला थोपवायला. उजव्यातला तो थोडा कमी ओहमचा लावला तर आवाज वर येईल, डाव्याला हात लावायचा नाही. पाच-पन्नास रुपयांचं काम, सोल्डरिंग गन माझ्याकडे आहे. मूळ ट्विटर मिळाला की परत होतं तसं. कपॅसिटर पण बघून घेऊ, इलेक्ट्रोलिटिक असतील तर एवढ्या वर्षांत सुकलेले असणार, दोन्हीतले एकदमच बदलू.

मी ठाण्याला असतो पण बोरिवलीला यायला आवडेल, बरेच दिवस कुणाचं काही उघडलं नाहीये.

---

मापात_पाप

उघडणार असाल तर मी माईक घेऊन येते. अंदाजाने रेझिस्टर बदलत बसू नका, दोन्ही ट्विटर मोजू, किती डेसिबल फरक आहे ते कळलं की एकदाच लावायचा. कदाचित फरक फक्त आवाजाच्या उंचीचा नसून वरच्या टोकालाच असेल, मग रेझिस्टरने भागणार नाही. लॅपटॉप आहे, सॉफ्टवेअर फुकटचं आहे.

---

लोअरपरळ

यांनी कस्टम बनवायला नको म्हटलं आणि आता तिघं मिळून कस्टमच करतायत 😄

---

बोरिवली_स्लो

घेतले! साडेसतरा, पाचशे काकूंनी कमी केले.

अंधेरीहून लगेजच्या डब्यातून आणले, दुपारी अडीचची स्लो, एक माझ्या मांडीवर आणि एका कोळीण मावशींनी स्वतःहून त्यांच्या टोपलीवर ठेवून घेतला, म्हटलं मावशी वास लागेल, तर म्हणाल्या, "टीव्ही हाय काय?" मी म्हटलं नाही, गाण्याचा आहे. मग कांदिवलीपर्यंत त्यांनी मला काय काय गाऊन दाखवलं. वास लागलाय, हलकासा, जाळीला. जाईल.

शोकेसवर बसवले. आईने तासाभरात दोन्हींवर विणलेले रुमाल आणि एकावर फुलदाणी ठेवली, फुलदाणी उतरवली, रुमाल राहू दिले. मोजे आहेतच, आई विचारत होती यात मोजे का, सांगितलं झुरळं जाऊ नयेत म्हणून, ते तिला लगेच पटलं. उगाच ४९ हर्ट्झ कुठे समजावत बसू.

बाई अजून डाव्या डोळ्यासमोरच उभी आहे, तेव्हा सुतारपक्षी भाऊ आणि मापात_पाप ताई, तुम्ही खरंच येणार असाल तर रविवार नको, आमच्या लाईनवर ब्लॉक आहे, तुम्ही अडकाल. शनिवारी दुपारी या, जेवायलाच या, आई पुरणपोळी करतेय म्हणाली. रेझिस्टर कुठले आणायचे ते आधी सांगा, मी शुक्रवारी ऑफिसातून सुटल्यावर लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो.

---

सुतारपक्षी

१ ओहमपासून ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने, १० वॉटचे, प्रत्येकी दोन. आणि तो वेगळ्या डोक्याचा स्क्रू आहे ना, त्याचा एक फोटो टाका, कुठला पेचकस घेऊन यायचा ते कळेल.